साठ शहाण्यांचा तक्ता

मार्था गावीत हिला बसायचं कसं ते देवाने शिकवलंच नव्हतं. चर्चमध्ये उपदेश लांबला की ती दाराशी जाऊन उभी राहायची. जेवताना ताट हातात घेऊन ओट्यावर फेऱ्या मारायची. दवाखान्यात तिच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर बाराही महिने कापसाचे गठ्ठे असायचे. नवापूरकडच्या डोंगरात राहणारी तिची आई धनीबाई सांगायची, की हिच्या जन्माच्या वेळी सुईणीला आगगाडी गाठायची घाई होती, ती घाईच पोरीला लागली. धनीबाईच्या पाड्यापासून आगगाडी सात कोस लांब होती, हा मुद्दा वेगळा.

व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास होऊन मार्था नंदुरबारच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणायची, आणि तेच खरं असावं. दवाखान्याचे दावीद डॉक्टर तिच्याच डोंगरातले. मार्थाची त्यांना दोन कारणांसाठी किंमत होती: तिचं अक्षर वाचता यायचं आणि तिला खोटं बोलता येत नसे. एकदा तिच्या हातून थर्मामीटर फुटला. तिने लगेच जाऊन सांगितलं, आणि तो टेबलाच्या अगदी काठावर तुम्हीच ठेवला होता, हेही वर ऐकवलं.

१९३७ सालच्या दिवाळीनंतर दवाखान्यात कोरीटचा सुकलाल पाटील आला. आला म्हणजे त्याला धुळ्याच्या कोर्टाने पाठवला. चैत्रात विहिरीवर मोट चालू असताना नाडा तुटला आणि चाकाचं लाकूड निसटून त्याच्या डोक्यात बसलं. चार दिवस शुद्ध नव्हती. पाचव्या दिवशी उठला, भाकरी मागितली, पंधरवड्यात नांगराला लागला. पण बाजाराला गेला की कशाला आलो ते विसरायचा. एकच गोष्ट तीनदा विचारायचा. धाकटा भाऊ हिंमतराव याने हे सगळं नीट टिपून ठेवलं आणि कोर्टात अर्ज केला, की भावाचं डोकं फिरलं आहे, त्याची जमीन माझ्या ताब्यात द्यावी. सुकलालच्या पदरी दोन मुली. अठरा एकर काळी जमीन, तापीकाठची. एकदा कोर्टाने वेडा ठरवला की त्याच्या अंगठ्याला किंमत उरणार नव्हती, शब्दालाही नाही, आणि बायको कमलबाई दिराच्या दारात दाणे मागायला उभी राहणार होती. कोर्टाने डॉक्टरांचा अहवाल मागवला. मुदत चार महिने.

डॉक्टरांनी मुंबईहून एका प्रोफेसराकडून लाकडी पेटी मागवली. तिच्यात रंगीत ठोकळे होते, चित्रं होती, म्हणून दाखवायचे आकडे होते, ऐकून परत सांगायची एक गोष्ट होती, आणि एक तक्ता होता. माणसाला मिळालेले गुण तक्त्यात बघायचे, की त्याची बुद्धी किती ते कळतं, असं पुस्तकात लिहिलं होतं. डॉक्टरांना ओपीडीतून सवड नव्हती. चाचणी घ्यायचं काम मार्थाकडे आलं.

व्हरांड्यात सुकलाल आला तो हात जोडूनच. पन्नाशीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा माणूस. मार्था पेटीभोवती घिरट्या घालत होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "बठ ना बहीन, उभी काबं?"

मार्था बसली नाही. पुस्तकात लिहिलं होतं, की खोलीत तिसरं माणूस नको, म्हणून तिने कमलबाईला बाहेर बसवलं. त्याबरोबर सुकलालची जीभच उचलेना. आकडे म्हणायला सांगितले तर त्याने चारापर्यंत म्हटले आणि दाराकडे पाहिलं. ठोकळ्यांची नक्षी अचूक लावली, पण शेणाने जमीन सारवावी तशी सावकाश, आणि तोवर घड्याळाचा काटा पुढे निघून गेला होता. मग मार्थाने एका बाईचं चित्र पुढे ठेवलं. चेहरा, नथ, पदर, सगळं होतं, फक्त कपाळावर कुंकू नव्हतं. "ह्यात काय नाही?" तिने विचारलं. सुकलालने चित्राकडे पाहिलं. मार्थाकडे पाहिलं. "बिचारी," एवढं म्हणून त्याने चित्र हळूच पालथं घातलं.

पुस्तकाप्रमाणे उत्तर 'कुंकू'. सुकलालला शून्य.

शेवटी गोष्ट. मुंबईचा एक कारकून ट्राममध्ये छत्री विसरतो, त्याची ती गोष्ट. अर्ध्या तासाने परत सांगायची. अर्ध्या तासाने सुकलालने विचारलं, "कसी गोट?"

एकूण गुण एकतीस. तक्त्यात शहाण्या माणसाला साठ. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तक्त्याप्रमाणे हे नऊ वर्षांचं पोर आहे."

मार्थाला चैन पडेना. संध्याकाळपर्यंत तिने कारण नसताना तीनदा पट्ट्यांचं कपाट लावलं. मग दवाखान्याचा राखणदार रामसिंग याला पकडलं आणि तीच पेटी त्याच्यापुढे मांडली. रामसिंग म्हणजे दवाखान्याची चालती वही. कोणता रोगी कुठल्या गावचा, कुणाच्या घरी कोणती गाय व्याली, सगळं त्याला तोंडपाठ. रामसिंगला मिळाले चौतीस.

ती तरातरा डॉक्टरांकडे गेली. "साहेब, सुकलालच्या डोक्यात मोटेचं लाकूड पडलं. रामसिंगच्या डोक्यात काय पडलं?"

डॉक्टरांनी पेटीचं पुस्तक उघडलं आणि तक्ता कुणावरून केला ते वाचून दाखवलं: कॉलेजातली पोरं आणि मुंबईचे कारकून. ज्यांनी जन्मात ट्राम पाहिली नाही आणि हातात पेन्सिल धरली नाही, असा एकही माणूस त्यात नव्हता. "म्हणजे आपला तक्ता आपणच करायला हवा," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या वयाचे, त्याच्यासारखेच न शिकलेले, तापीकाठचे शेतकरी. डोकं धड असलेले. निदान साठ. ते किती गुण मिळवतात ते कळलं, तरच सुकलालचं काय गेलं ते कळेल. पण एवढं फिरणार कोण?"

हे वाक्य पुरं व्हायच्या आत मार्था पेटीचं झाकण लावत होती.

आधी दोघांनी छत्रीची गोष्ट बदलली. कारकुनाचा शेतकरी झाला, ट्रामची बैलगाडी झाली, आणि छत्रीच्या जागी नदीच्या उतारात सुटलेला बैल आला. गोष्टीचे चौदा तुकडे केले, एकेका तुकड्याला एकेक गुण. मग मार्था म्हसावदला गेली. मोठं गाव, एका जागी हवी तितकी माणसं मिळतील, हा हिशोब. गावात आधी बोभाटा झाला की लष्करभरती आली, मग कळलं की बाटवायला आले, शेवटी देवीची लस असेल यावर एकमत झालं. पण माणसं मोठ्या मनाची. हसत हसत बसली.

पहिल्या आठ जणांना तिशी-पस्तिशीतले गुण मिळाले. मध्ये बाजाराचा दिवस गेला. त्यानंतरच्या माणसांचे गुण चढायला लागले. चाळीस, पंचेचाळीस, बावन्न. ठोकळे डोळ्याचं पातं लवायच्या आत लागत. चित्र पिशवीतून निघायच्या आधी "कुंकू!" म्हणून आरोळी. मार्थाची छाती फुगली. बघा म्हणावं मुंबईवाल्यांना, आमच्या म्हसावदचं डोकं! तिने रोजच्या रोज डॉक्टरांना गुण लिहून पाठवले, तेही अधोरेखित करून.

सव्विसावा होता रतिलाल नावाचा एक शेतकरी. मार्थाने गोष्टीचं पहिलं वाक्य वाचलं, आणि रतिलालने बाकीची गोष्ट सांगून टाकली. बैल सुटला, नदीत उतरला, पलीकडच्या माणसाने धरला, सगळं.

मार्थाने कागद खाली ठेवला. "भाऊ, ही गोष्ट तुम्ही कुठे ऐकली?"

"ऐकी काय?" रतिलाल अभिमानाने म्हणाला. "पाठ कयी! समदा गावनी कयी. बठ्ठा गावनी इज्जत शे ना बाई! तुम्हीन कागदवर आमनं नाव लिखी ऱ्हायनात, आन आम्ही उघडं पडाले देवूत का?"

झालं होतं ते असं. पहिल्या आठांनी बाजारच्या दिवशी पारावर सगळं फोडलं. खापऱ्या रंगवून ठोकळे केले. रोज सकाळी तालीम चालायची. न येणाऱ्याला येणारा शिकवायचा. गावाला बाहेरून कुणी बघायला आलं, की गावाने एकमेकांना सावरून घ्यायचं, ही इथली रीतच. त्यात कुणाचा काही दोष नव्हता. पण मार्थाने मनात हिशोब केला. हेच गुण तक्त्यात गेले असते, तर शहाण्या माणसाची रेघ आभाळाला टेकली असती आणि तिच्याखाली सुकलाल पुरता वेडा दिसला असता. हिंमतरावाला जे जमलं नसतं ते तिने स्वतःच्या हाताने केलं असतं. महिना गेला तो वेगळाच. तिला स्वतःचा इतका राग आला, की ती त्या दिवशी जेवली नाही. बाजारानंतरचे अठरा कागद तिने फाडले. बाजाराआधीचे आठ ठेवले.

मग तिने पद्धत बदलली. एका गावात दोनच माणसं, फार तर तीन, आणि लगेच पुढचं गाव. बातमी बाजाराबरोबर चालते, तर आपण बातमीच्या पुढे चालायचं. आज शहाद्याकडे, तर उद्या नदी ओलांडून नंदुरबारच्या अंगाला. पेटी कधी डोक्यावर, कधी कुणाच्या गाडीत. जन्मभर ज्या भिंगरीसाठी तिने बोलणी खाल्ली, ती आता कामाला आली. पण चालताना डोकं शांत नसे. मुदत संपत आली का? आकडे फार घाईने वाचले का? कालच्या माणसाला पाचवा ठोकळा उलटा दिला का? अर्ध्या वाटेवरून ती एकदा कोसभर मागे गेली, ठोकळा बघायला. ठोकळा सुलटाच होता. आणि एकदा टेकडीवरून लांब सातपुड्याची रांग दिसली तेव्हा तिच्या मनात आलं, की डोंगरातल्या लोकांचा, आपल्या लोकांचा तक्ता कधी कुणी मागेल का? ते वाईट वाटणं मग गावोगाव तिच्याबरोबर चाललं.

एक अडचण मात्र चालून सुटेना. परक्या बाईसमोर एकटा बसायला कोणी पुरुष तयार होईना. म्हसावदपासून हेच, बायको ओट्यावर हवीच. मार्थाने शेवटी नियमच केला: बायकोने बसायचं, बोलायचं नाही. आणि प्रत्येकाला तेच. पण पुरुषमाणूस उत्तर देण्याआधी बायकोकडे बघायचाच. मग मार्था कागदाच्या कडेला एक छोटा बाण काढायची. पुस्तकात असं काही सांगितलेलं नव्हतं. पेन्सिल हातात असली की तिला स्वस्थ बसवत नसे, एवढंच.

कुंकवाचं कोडंही एका बाईनेच सोडवलं. तिचा नवरा चित्राकडे बघून गप्प झाला तेव्हा मार्था चिडून म्हणाली, "काय नाही ते दिसत नाही का?" ती बाई नियम मोडून बोलली, "दिसस ना माय. पन तुन्हंच कपाय दखीसन कोन सांगी?"

मार्थाने कपाळाला हात लावला. ती ख्रिस्ती, तिने जन्मात कुंकू लावलं नव्हतं. आणि ही सगळी माणसं तिला विधवा समजून तिचं मन राखत होती. गुण बुडाले तरी चालतील, पण तिच्या तोंडावर तो शब्द नको! सुकलालनेही तेच केलं होतं. तिला रडू आलं, आणि रडत रडतच तिने त्या माणसाला शून्य लिहिलं. नियम तो नियम. सगळ्यांसमोर हेच कपाळ होतं, म्हणून शून्यही सगळ्यांचं सारखंच.

सात आठवड्यांत साठ माणसं पुरी झाली. मुदतीला नऊ दिवस उरले असताना तिने सुकलालला परत बोलावलं, कमलबाईला शेजारी बसवलं आणि पेटी उघडली.

"बठ ना बहीन, उभी काबं?" सुकलाल म्हणाला.

आकडे, साठ जणांच्या बरोबरीने. ठोकळे, साठांतल्या चाळिसांपेक्षा चांगले. चित्रं ठीक. कुंकवाच्या चित्रापाशी साठांतले सदतीस गप्प होते, हाही गप्प. मार्थाला नाचावंसं वाटत होतं. आता फक्त बैलाची गोष्ट. त्या ट्रामच्या गोष्टीत त्याला काय कळणार होतं? ही त्याच्या घरची गोष्ट होती. तिने ती नीट, सावकाश वाचली. अर्धा तास ती व्हरांड्यात फेऱ्या घालत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, आता ती गोष्ट सांगा."

सुकलालने कमलबाईकडे पाहिलं. कमलबाई नियमाप्रमाणे गप्प. तो म्हणाला, "बैल."

"बैलाचं काय?"

"बैलनं... बैल शेतस ना घर. दोन."

साठांतल्या सगळ्यात वाईट माणसालाही पाच तुकडे आठवले होते. मार्थाने 'बैल' या शब्दाला एक गुण लिहिला. खोडला. बैल गोष्टीतला होता की गोठ्यातला? पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. एका गुणाने काही तक्ता हलणार नव्हता, पण शून्य हे शून्य असतं, कोर्टात ते डोळ्यांवर आलं असतं. खोडून खोडून कागदाला तिथे भोक पडलं. तेव्हा तिने भोकाच्या शेजारी शून्य लिहिलं, आणि सही केली. मग कमलबाईला बाजूला घेऊन तिने सरळ सांगितलं, की सगळं शाबूत आहे, पण आठवण खरंच गेली आहे, आणि मला तसंच लिहावं लागेल.

कमलबाई शांत होती. "ते माले ठाऊक नही का, बाई? बाकीनं तुम्हीन सांगं ते बरं व्हयनं. मन्हंच मन कधीकधी ढयी जाये, हाऊ खरंच येडा व्हयना का म्हनीसन."

धुळ्याच्या कोर्टात हिंमतरावाच्या वकिलाने नेमकं तेच शून्य उचललं. डॉक्टरांची साक्ष झाल्यावर त्याने मार्थाला पिंजऱ्यात बोलावलं. "म्हणजे ह्या गृहस्थांना ऐकलेलं काही आठवत नाही."

"नाही आठवत," मार्था म्हणाली.

"आणि बायकोच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. हे मी काल इथे कोर्टात स्वतः पाहिलं. असा माणूस अठरा एकर जमीन काय सांभाळणार?"

मार्थाचे पाय पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात चालत होते. तिने पिशवीतून साठ कागद काढले. "साहेब, साठ धडधाकट शेतकरी आहेत हे. कडेला बाण आहे तिथे त्या माणसाने बायकोकडे पाहिलं. साठांतले त्रेचाळीस जण बघतात. ते जमिनी सांभाळतातच ना? सुकलालभाऊ विसरतात, ते मी लिहिलं आहे. पण काय नीट, काय वाईट, कुणाचं मन राखायचं, हे त्यांना कळतं. आठवत नाही ते बायकोला विचारावं, हेही कळतं."

वकील हसला. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी कागद मागवून घेतले, चाळले, बाणांवरून बोट फिरवलं, आणि मान वर करून हिंमतरावाला उभं केलं. "अपघात नक्की कोणत्या दिवशी झाला?"

"चैतमा," हिंमतराव म्हणाला. "चैतमा, सायेब... तीज..." आणि त्याची मान आपसूक मागे वळली. शेवटच्या बाकावर पदर पुढे ओढून त्याची बायको शोभाबाई बसली होती. तिने पदराआडून चार बोटं दाखवली. "चौथ!" हिंमतराव म्हणाला.

कोर्टात खसखस पिकली. मार्थाच्या हातातल्या पेन्सिलीने सवयीप्रमाणे लाकडी कठड्यावर एक बाण काढला.

अर्ज फेटाळला गेला. स्मरण दुबळं, पण समज शाबूत. हा माणूस कायद्याने वेडा नव्हे, असं जज्जसाहेबांनी लिहिलं. डॉक्टरांनी मार्थाला एवढंच सांगितलं, की ते भोक पडलेलं पान साहेबांनी दोनदा बघितलं आणि बाकीच्या पानांवर मग त्यांचा विश्वास बसला.

बाहेर आवारात निंबाच्या पाराशी मार्था येरझाऱ्या घालत होती. काम संपलं होतं तरी पाय थांबेनात. दुसऱ्या बाजूने सुकलाल आणि कमलबाई आली. कमलबाईने तिचे दोन्ही हात धरले. सुकलाल दोघींकडे बघत उभा राहिला. त्या बाईने आपल्यासाठी साठ माणसं तपासली, तीस गावं तुडवली, आत्ता तासाभरापूर्वी आपल्या बाजूने भरकोर्टात बोलली, यातलं काहीच त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. परकं माणूस भेटावं तसं त्याने हात जोडले. पाराच्या दगडावरची धूळ उपरण्याने झटकली.

"बठ ना बहीन," तो म्हणाला. "उभी काबं? तू कोन शे?"

कमलबाई सांगायला गेली, पण मार्थाने मान हलवून तिला थांबवलं. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. ती त्या दगडावर बसली, चांगली मांडी घालून, आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं तिने त्याला आपलं नाव सांगितलं.